डोळ्याच्या औषधाची समान वाटणी

कोंढ्याच्या चंद्रभागाबाई सेलोकर यांच्या घरात कुठलीही वस्तू एकट्याची म्हणून येत नसे. थोरल्या सुनेला, चंदाला साडी घेतली की धाकटीला, रीताला घ्यायचीच, आणि तीही त्याच गठ्ठ्यातली, त्याच रंगाची. त्यामुळे लग्नकार्यात दोघी सुना वाढप्यांच्या गणवेशात आल्यासारख्या दिसत आणि वऱ्हाडी त्यांच्याकडे पाणी मागत. चंद्रभागाबाईंना त्याचं काही नव्हतं. रीताला ताप आला आणि तिच्यासाठी चिरायत्याचा कडू काढा उकळला, तर अर्धा पेला चंदाच्याही हातात येई. "मले ताप नाही ना, आत्याबाई," असं चंदा म्हणे. "नसू दे. तिले देल्लं आन् तुले नाही, असं ह्या घरात होत नाही," हे उत्तर ठरलेलं.

ह्यामागे कारण होतं. चंद्रभागाबाई स्वतः ह्या घरात धाकटी सून म्हणून आल्या तेव्हा त्यांच्या सासूने थोरलीच्या भातावर तूप वाढलं आणि यांच्या भातावरून तुपाची वाटी नुसती फिरवून नेली. तो भात त्यांनी गिळला, पण अपमान काही पचला नाही. आपल्या हाताखाली सुना आल्या की दुजाभाव करायचा नाही, ही शपथ त्यांनी त्याच ताटावर बसून घेतली आणि पुढे ती इतकी पाळली की सुनांनाच कधीमधी वाटे, थोडा दुजाभाव झाला तर बरं होईल.

दिवाळी होऊन गेली होती. शेताशेतात रचलेले धानाचे पुंजणे फोडून मळणी सुरू झाली होती, आणि गावाच्या चारी बाजूंनी थ्रेशरची घरघर ऐकू येत होती. तो भुसा हवेत उडाला की चंदाच्या डोळ्यांचाही हंगाम सुरू होई. डोळे खाजत, पाणी गळे, ती पदराने चोळी, आणि चोळलं की आणखी खाजे. रस्त्यात भेटेल ती बाई विचारी, "काय झालं वो? सासू बोलली काय?" चंद्रभागाबाईंच्या न्यायी कारभाराची अशी दरसाल फुकट बदनामी होई. शेवटी त्यांनीच थोरल्या मुलाला, योगेंद्रला फर्मान सोडलं, "जाय, तिले पवनीले दाखवून आण. रडून राहिली ती आन् नाव खराब होऊन राहिलं मायं."

पवनीच्या डॉक्टरबाईंनी डोळे तपासून एक इवलीशी बाटली लिहून दिली. चंदाने घरी आल्यावर ती सासूच्या हातात ठेवली आणि सगळं नीट सांगितलं. "अलर्जी हाये म्हणे. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. आंधी हात धुवाचे, बाटलीचं टोक डोळ्याले लागू द्याचं नाही, डोळे चोळाचे नाही, खाजलं तं थंड पाण्याची पट्टी ठेवाची. बाटली उघडली का महिन्याभरानं फेकून द्याची. आन् दुसऱ्या कोणाले द्याची नाही."

बाकीचं सगळं चंद्रभागाबाईंनी मान डोलावत ऐकलं. शेवटच्या वाक्याला मान थांबली.

"कोणालेच नाही?"

"नाही."

"रीताले पण?"

"एक बाटली, एक माणूस, असं म्हणे डॉक्टरबाई."

"एकटी सून असन ती तिच्या घरातली," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि बाटली परत दिली.

औषध गुणकारी निघालं. चंदाची खाज थांबली, लाली उतरली, आणि मळणीच्या दिवसांतही तिचे डोळे धुतल्यासारखे स्वच्छ दिसू लागले. तिथवर सगळं ठीक होतं. पण एका सकाळी आंगण झाडताना रीताच्या डोळ्यात कचरा गेला. ती डोळा चोळत सहज बोलून गेली, "ताईचं बरं हाये. ताईजवळ औषध हाये." बोलणारी बोलली आणि झाडू लागली. चंद्रभागाबाई मात्र हातातला तांदूळ सुपातच ठेवून उठल्या. त्यांना तुपाची ती फिरून गेलेली वाटी दिसली.

चंदा आणि योगेंद्र शेतावर गेले होते. चंद्रभागाबाईंनी तिच्या आरशामागून बाटली काढली आणि देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी नेऊन ठेवली. पूजा आटोपली. पळीने तीर्थ दिलं, आणि तीर्थ घेऊन माणूस उठायच्या आत त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

"डोळा वर कर."

रीताने आनंदाने वर केला. धाकटा मुलगा जीवन घाईत होता, त्याने उभ्याउभ्या घेतला. राहिले नवरोबा, कवडू. कवडू सेलोकर हा बोलणं जपून वापरणारा माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "माया डोळ्याले का झालं?"

"काही झालं नाही, तेच तं चांगलं हाये. होण्याच्या आंधी घेतलेलं बरं. वर पाहा!"

थेंब गालावर ओघळून वाया जाऊ नये म्हणून चंद्रभागाबाई बाटलीचं टोक पापणीच्या काठाला नेमकं टेकवत. कुणाच्याही वाट्याचा थेंब कमी होऊ द्यायचा नाही, हे त्यांचं तत्त्वच होतं. शेवटी एकेक थेंब स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत. संध्याकाळी चंदा आली आणि आरशामागे हात घालून उभी राहिली.

"आत्याबाई, मायी बाटली?"

"देवाजवळ हाये. आता ती घरची हाये."

"अवो, पण डॉक्टरबाईनं सांगतलं होतं—"

"देवाजवळ ठेवलेलं औषध बिघडते काय? घे, तुया थेंब राहिलाच हाये."

चंदाने बाटली परत आरशामागे ठेवली. सकाळी ती पुन्हा देवघरात होती. असं दोनदा-तीनदा झालं. नवी बाटली आणायची तर योगेंद्र थ्रेशरपासून हलायला तयार नव्हता, आणि डोळे तर खाजत होते. शेवटी चंदाही त्याच बाटलीतून थेंब घेत राहिली. तिचं चुकलंच, पण खाजणाऱ्या डोळ्याला धीर नसतो.

अशात शेजारच्या सुशीलाबाई विरजण मागायला आल्या. त्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, माहेरी जाऊन आल्या होत्या. मंडईत काय काय पाहिलं ते सांगण्याआधी त्यांच्या डोळ्यांनीच सांगितलं. दोन्ही डोळे पिकल्या टमाट्यासारखे लाल, पापण्या चिकटलेल्या, पाण्याची धार लागलेली.

"अवो बाप्पा! हे का करून आणलं?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"तिकडे सगळ्यायचेच डोळे आले हायेत वो. लेकरं, म्हातारे, कोणी सुटलं नाही."

"थांब. औषध हाये आपल्याजवळ."

विरजणाची वाटी एका हातात धरून सुशीलाबाईंनी देवघरात डोळा वर केला. चंद्रभागाबाईंनी टोक पापणीला टेकवलं, एक थेंब जास्तच घातला, कारण शेजारीण झाली तरी ती पाहुणीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, तीर्थ झालं, आणि त्याच टोकाने घरातल्या सगळ्यांना आपापला थेंब मिळाला.

मग एका सकाळी कवडू उठून बसले आणि म्हणाले, "अवो, उजाडलं नाही काय अजून?"

"उजाडलं ना. गाई सोडल्या."

"मंग मले काहून दिसत नाही?"

चंद्रभागाबाई दचकून वळल्या. नवऱ्याच्या पापण्या पिठाने चिकटवल्यासारख्या बंद होत्या. कोमट पाण्याने पुसून उघडल्या तर आत जास्वंद फुललेली. तेवढ्यात जीवन आला, तोही लाल. रीता आली, लाल. चंदा आणि योगेंद्र आले, लाल. चंद्रभागाबाईंनी आरसा घेतला आणि तो लगेच पालथा ठेवला. घरात वाटणी अगदी सारखी झाली होती. कुणाला तक्रारीला जागा नव्हती.

एरवी ह्या घराने आठवडाभर डोळे पुसत दिवस काढले असते. पण रविवारी साकोलीचे पाहुणे यायचे होते.

योगेंद्र आणि चंदाची मुलगी उर्वशी भंडाऱ्याला राहून बीएड करत होती. घरातली एकुलती एक नात. तिच्या बाबतीत समान वाटणीचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे चंद्रभागाबाईंनी साठवून ठेवलेली सगळी माया तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती. तिला पाहायला साकोलीचा भुपेंद्र येणार होता. तो कृषी सहाय्यक होता, नोकरी गडचिरोलीकडे, आणि सोमवारी त्याची सुट्टी संपत होती. उर्वशी आणि भुपेंद्र एका मैत्रिणीच्या लग्नात भेटलेले, रोज फोनवर बोलतात, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. उर्वशीने आजीला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, हे स्थळ गेलं ना, तं मले दुसरं दाखवू नका."

अडचण मुलाची नव्हती, मुलाच्या आईची होती. सुलोचनाबाईंनी मागे एक चांगली सोयरीक नुसत्या चहाच्या कपाला तडा दिसला म्हणून मोडली होती, असं साकोलीत सांगत. ज्या बाईला कपाचा तडा दिसतो, तिला लाल डोळ्यांची अख्खी रांग दिसणार नाही, हे शक्य नव्हतं.

चंदाने घरच्या सगळ्यांना ऑटोत कोंबलं आणि पवनीला नेलं. डॉक्टरबाईंनी एकेकाचे डोळे पाहिले, मग सगळ्यांकडे एकदम पाहिलं.

"एवढ्या सगळ्यांचे एकदम? टॉवेल एकच वापरता काय तुम्ही?"

चंदाने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटलीच्या टोकाला पिवळी चिकट कड आली होती. ती पाहून डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला.

"चंदाबाई, मी सांगितलं होतं ना? एक बाटली, एक माणूस!"

"तिनं सांगतलं होतं जी," चंद्रभागाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "पण ते तिले सांगतलं होतं. मले कुठं सांगतलं होतं?"

"मग आता तुम्हाला सांगते, आजी." डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली. "हिला खाज होती भुशाची, ती कुणाला लागत नाही. शेजारणीचे डोळे आले होते, ते लागतात. तिच्या पापणीची घाण बाटलीच्या टोकाला लागली आणि ती तुम्ही घरभर वाटली. औषध ज्याच्या नावानं दिलं त्यानंच घ्यायचं. टोक पापणीला लावायचं नाही. बाटली उघडून महिना झाला की फेकायची. आणि कुणाच्या ऑपरेशनचं उरलंसुरलं औषध तर घातलं नाही ना कुणाला?"

"नाही जी. ते भेटलंच नाही."

"नशीब तुमचं. तसली औषधं भलत्या डोळ्यात गेली तर डोळ्यातला दाब वाढतो, नजर जाते माणसाची."

मग हात सारखे धुवा, टॉवेल-उशा वेगळ्या ठेवा, बरं होईपर्यंत कुणाच्या अंगचटीला जाऊ नका, असं सगळं सांगून झालं. जुनी बाटली डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. अर्धी भरलेली बाटली अशी जाताना चंद्रभागाबाई डब्यात वाकून पाहत राहिल्या.

"आत्याबाई, पाहुण्यायले नाही म्हणून सांगू," परतताना चंदा म्हणाली.

"नाही कायले? पोराची सुट्टी संपते. एकदा का तो गडचिरोलीकडे गेला का आखाजीच्या सणालेच येईन. आन् तंवर ती बाई दहा घरचे कप पाहीन."

"आन् डोळे?"

"झाकू."

झाकण्याची सोय गावानेच करून ठेवली होती. मोतीबिंदूच्या शिबिरात ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला काळा चौकोनी चष्मा मिळालेला असतो, आणि तो महिनाभराने खुंटीला लागतो. जीवनने गल्लीतून असे चष्मे गोळा केले, चंदाने ते साबणाने घासून वाळत घातले. उर्वशी शनिवारी भंडाऱ्याहून आली तेव्हा आईने तिला दारातच अडवलं. तिची खोली वेगळी, उशी वेगळी, टॉवेल वेगळा, आणि आजीला उंबरठ्याच्या आत यायला बंदी. चंद्रभागाबाई बाहेर उभ्या राहून नातीकडे नुसत्या पाहत राहिल्या. घरात तेवढीच दोन बुबुळं पांढऱ्यावर काळी उरली होती. त्यांना त्या डोळ्यांचं फार कौतुक वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

रविवारी सकाळी साकोलीची गाडी दारात थांबली. भुपेंद्र उतरला, सुलोचनाबाई उतरल्या, आणि शेवटी भुपेंद्रचे वडील, इश्वरभाऊ उतरले. गडी आडवातिडवा, हसतमुख, आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे फुगलेले.

रीतीप्रमाणे दारात पाय धुवायला गडवाभर पाणी ठेवलं होतं. पाहुण्यांनी पाय धुतले आणि पुसायला टॉवेल कुणी देईल म्हणून थांबले. टॉवेल चंदाने मुद्दाम ठेवला नव्हता. ओल्या पायांनी तिघे उभे.

"दुपट्टा गिपट्टा?" इश्वरभाऊंनी विचारलं.

"वाळून जाईन जी," जीवन लांबूनच म्हणाला. "हवा चांगली हाये आज."

छपरीत एका टोकाला पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दुसऱ्या टोकाला घरची मंडळी काळे चष्मे लावून रांगेत बसली होती. भुपेंद्र संस्कारी मुलगा. तो सरळ कवडूंच्या पाया पडायला निघाला. त्याला येताना पाहून कवडूंनी दोन्ही पाय उचलून खाटेवर घेतले.

"नको, नको! तिकडेच राय!"

भुपेंद्र वाकलेला तसाच मागे सरकला. सुलोचनाबाईंच्या कपाळाला पहिली आठी पडली. रीता चिवड्याचं ताट घेऊन आली, ते मधल्या स्टुलावर ठेवलं आणि "घ्या जी तुमीच," म्हणून पळाली. दुसरी आठी पडली.

"सगळ्यायलेच मोतीबिंदू झाला काय जी?" इश्वरभाऊंनी मोकळेपणाने विचारलं.

"उन्हाचा तरास होते," योगेंद्र म्हणाला.

सुलोचनाबाईंनी वर पाहिलं. वर कौलं होती. छपरीत उन्हाचा एक कवडसा नव्हता.

"बोलवा पोरीले," त्या म्हणाल्या.

उर्वशी आली. डोक्यावर पदर, नमस्कार लांबूनच, आणि डोळे लखलखीत उघडे. सुलोचनाबाईंनी आधी तिला पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं, मग पुन्हा तिला पाहिलं.

"हिले चष्मा नाही. घरचीच हाये ना ही?"

"मायीच पोरगी हाये," चंदा म्हणाली.

"हे पाहा, मी सरळ बोलते. आमाले कोणी टॉवेल देल्ला नाही, पोराले पाया पडू देल्लं नाही, आन् घर बसलं हाये गावाच्या त्या टोकाले. घरात डोळ्याचा काही पिढीजात आजार असन, तं आताच सांगा. मंग कळलं तं मी आयकणार नाही."

उर्वशीने भुपेंद्रकडे पाहिलं, भुपेंद्रने जमिनीकडे. चंद्रभागाबाई काहीतरी भारदस्त शोधत होत्या. तेवढ्यात आयुष्यभर बोलणं जपून वापरणारे कवडू बोलले.

"आजार नाही जी. हिनं डोळ्याचं औषध वाटलं सगळ्यायले. तीर्थावाणी."

काळ्या चष्म्याआड चंद्रभागाबाईंनी डोळे मिटून घेतले. झालं. आता ही बाई उठणार आणि गाडीत जाऊन बसणार. पण उठल्या सुलोचनाबाई नाहीत, उठले इश्वरभाऊ. त्यांचा चेहरा उजळला होता.

"अरे, डोळे आले व्हय? मंग सांगाचं ना! माया जवळ औषध हाये ना!"

त्यांनी डाव्या खिशात हात घातला. आधी गोळ्यांच्या दोन-तीन पट्ट्या निघाल्या, मग मलमाची चपटी नळी, आणि शेवटी एक बाटली. तिच्यावरचा कागद घासून पांढरा झाला होता. बूच हरवलं होतं, त्या जागी कापसाचा बोळा होता.

"अजी, ठेवा ते," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"थांब वो. मायं ऑपरेशन झालं तवाचं हाये. मागल्या सालचं का त्याच्या मागल्या. पण अर्धी भरलेली हाये अजून! आमच्या गल्लीत कोणाचेही डोळे दुखू द्या, इश्वरभाऊची बाटली हाजिर. आन् सोयऱ्याच्या कामी नाही आलो तं मंग काय?" ते छपरीच्या मधोमध आले आणि उर्वशीजवळ थांबले. "पोरीपासून सुरू करतो. तिले अजून काही झालं नाही, पण होण्याच्या आंधी घेतलेलं बरं. वर पाहा बाई."

उर्वशीने आजीकडे पाहिलं. होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणायचं? चंदा उभी राहिली. उर्वशीने हळूहळू मान मागे टाकली, आणि बोळा काढलेली ती जुनी बाटली त्या स्वच्छ डोळ्यांवर आडवी झाली.

"खबरदार!"

आवाज एवढा मोठा होता की आंगणातल्या कोंबड्या उडाल्या. चंद्रभागाबाई हात पाठीमागे बांधून, चष्म्यासह, नात आणि बाटली यांच्या मधे येऊन उभ्या होत्या.

"एक बाटली, एक माणूस! ज्याच्या नावानं देल्लं त्यानंच टाकाचं! बाटली उघडून महिना झाला का फेकाची, आन् हे दुसऱ्या सालचं घेऊन फिरता? ऑपरेशनचं उरलंसुरलं लेकराच्या डोळ्यात टाकता? दाब वाढते डोळ्यातला! नजर जाईन मायी पोरीची!"

"अवो आजी, पण गल्लीत सगळ्यायले—"

"गल्लीचं नशीब गल्लीजवळ! फेका ते!"

"अर्धी भरलेली हाये..."

"फेका म्हणते ना!"

इश्वरभाऊंनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे, आणि शाळेतल्या पोरासारखे छपरीच्या कडेला जाऊन त्यांनी ती शेणखताच्या खड्ड्यात फेकली.

योगेंद्रने कपाळाला हात लावला. वरबापाला, सोयरीक ठरायच्या आधी, त्याच्याच तोंडावर खबरदार म्हणणारी मुलीकडची म्हातारी अख्ख्या जिल्ह्यात कुणी पाहिली नसेल. स्थळ गेलं, हे चंद्रभागाबाईंना कळलं. उर्वशी आता दुसरं पाहणार नाही, हेही कळलं. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण बोललेला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नव्हता. नातीचे डोळे शाबूत राहिले तर नवरा कुठूनही पाहता येईल.

सुलोचनाबाई उठल्या. पदर सारखा केला. छपरीच्या मधल्या स्टुलापर्यंत चालत आल्या आणि तिथे थांबून त्यांनी हात जोडले.

"आजी, मायं लग्न झालं तवापासून ह्या माणसाचे खिसे असे भरले हायेत. आपलं औषध गावाले, गावचं औषध आपल्याले. मी रडली, भांडली, माहेरी जाऊन बसली. एक गोळी कधी फेकता आली नाही मले. तुमी एका आवाजात बाटली फेकवली."

चंद्रभागाबाईंनी पाठीमागचे हात सोडून लांबूनच जोडले.

"पोरगी पोराले पसंत हाये, ते मले मालूम हाये," सुलोचनाबाई पुढे म्हणाल्या. "रातभर फोनवर हसते, आमी काय बहिरे हावो? मी पोरगी नाही, घर पाहाले आली होती. घर पसंत हाये मले. अशा घरची पोरगी आमच्याकडे पाहिजेच हाये." मग त्यांनी आवाज थोडा खाली आणला. "नातीलेही हे सगळं शिकवलं हाये ना?"

"शिकवलं म्हणजे?" चंद्रभागाबाई ताठ झाल्या. "आमच्या घरात पयल्यापासूनचा नियम हाये जी. औषध वाटाचं नाही!"

रांगेतले सगळे काळे चष्मे एकदम त्यांच्याकडे वळले. कवडूंनी तोंड उघडलं होतं, पण रीताने वेळेवर चिवड्याची वाटी त्यांच्यासमोर धरली. उर्वशी खाली मान घालून हसत होती आणि भुपेंद्र तिच्याकडे पाहून हसत होता. इश्वरभाऊ तेवढे खड्ड्याकडे पाहत उदास उभे होते, आणि सुलोचनाबाई त्यांच्या दुसऱ्या खिशातून गोळ्यांच्या पट्ट्या काढून घेत होत्या.

पाहुणे गेले. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, विचार संक्रांतीनंतर करायचं ठरलं. संध्याकाळी चंदा चुलीजवळ भात टाकत होती. चंद्रभागाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"चंदा."

"काय आत्याबाई?"

"ते शब्द तुये होते. एक बाटली, एक माणूस."

"हाव."

"पण तू बोलली असती ना, तं त्या बुढ्यानं आयकलं नसतं."

"काहून?"

चंद्रभागाबाईंनी चष्मा काढला. डोळे अजून लाल होते, पाणीही येत होतं, आणि त्यांनी ते चोळलं नाही.

"मी तरी कुठं आयकलं होतं?" त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला मोरीकडे गेल्या.